डिलकोत मॉड्यूल, सीडीआय बॉक्स की प्रत्येक प्लगला कॉइल?

नाशिकला रॅलीचं वेड जुनं. त्यामुळे सातपूर-अंबडकडच्या गॅरेजात कार्बोरेटरवाल्या इंजिनाचं बॉनेट उघडलं, की कोणीतरी हमखास सांगतं, ‘सीडीआय (जोरदार ठिणगी देणारा इलेक्ट्रॉनिक बॉक्स) टाक, गाडी उडेल.’ नाही उडत. ठिणगी आधीच दर वेळी आणि वेळेवर पडत असेल, तर बॉक्स लावून ताकद वाढत नाही. ती कुठे चुकते, ते आधी शोधा.

पॉइंटवाली, म्हणजे ठिणगीचा करंट यांत्रिक स्विचने तोडणारी, पद्मिनी असेल तर स्वस्तातला इलाज बहुतेक पुरतो. पॉइंट काढून डिलकोच्या, म्हणजे प्रत्येक प्लगला ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरच्या, झाकणाखालीच पर्ट्रॉनिक्ससारखं इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल बसवायचं. पॉइंट घासणं, गॅप लावणं, कंडेन्सर बदलणं, सगळं संपतं. मॉड्यूलला पूर्ण १२ व्होल्ट द्या. व्होल्टेज कमी करणारा बॅलास्ट रेझिस्टर असेल तर त्याच्या आधीची लाइन घ्या. इंजिन बंद असताना चावी ऑन ठेवू नका, साधी मॉड्यूल्स त्यातच जळतात. पण पैसे देण्याआधी रोटर काढून डिलकोचा शाफ्ट बोटांनी आडवा हलवून बघा. लटपटला, किंवा ॲडव्हान्सच्या (वेग वाढेल तशी ठिणगी आधी पाडणाऱ्या यंत्रणेच्या) स्प्रिंगा सैल पडल्या असतील, तर नव्या मॉड्यूलवरही ठिणगीचं टायमिंग नाचणारच.

सीडीआयचं, म्हणजे एमएसडी ६एएलसारख्या बॉक्सचं काम वेगळं. तो कॉइलला (ठिणगीसाठी हजारो व्होल्ट तयार करणाऱ्या गुंडाळीला) १२ ऐवजी चारशे-पाचशे व्होल्टचा झटका देतो. व्होल्टेज झपकन चढतं, म्हणून पेट्रोलने ओला झालेला किंवा काजळी धरलेला प्लगही पेटतो. ठिणगी मात्र क्षणभरच टिकते. म्हणूनच हा बॉक्स साधारण ३००० आरपीएमच्या खाली एकामागून एक ठिणग्या सोडतो, त्यावर एकच. मोठा कॅम, जाड जेट आणि आयडलला अडखळणारं इंजिन असेल तर फरक जाणवतो. रोज कॉलेज रोडवरून ऑफिसला जाणाऱ्या गाडीला हा खर्च मला पटत नाही.

आता वरच्या आरपीएमचा हिशोब. चार सिलिंडर, एक कॉइल, ६००० आरपीएम: सेकंदाला २०० ठिणग्या. म्हणजे साध्या कॉइलला भरून रिकामं व्हायला फक्त ५ मिलिसेकंद. प्रत्येक प्लगला स्वतंत्र कॉइल दिली की तिला २० मिलिसेकंद मिळतात. ती निवांत भरते आणि ठिणगीही जास्त वेळ टिकते. शिवाय रोटर, कॅप, हायटेन्शन वायरी गेल्या, म्हणजे इगतपुरीच्या पावसात कॅपमध्ये ओल शिरून मिसिंग व्हायचं कारणच उरलं नाही.

खरा फायदा टायमिंगचा. या कॉइल ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, चालवतो आणि आरपीएम व लोड बघून ॲडव्हान्स ठरवतो. टर्बो लावणार असाल तर बूस्ट (टर्बोने वाढवलेला हवेचा दाब) चढेल तसं टायमिंग मागे घ्यावंच लागतं, नाहीतर कसारा घाटाच्या चढावर नॉकिंग (मिश्रण अवेळी स्फोटासारखं पेटणं) होऊन पिस्टन जायचा. अशा गाडीला मी दुसरा पर्याय सुचवणारच नाही. पण इंजिन कुठवर फिरलं ते सांगणारं ट्रिगर व्हील, सेन्सर, नवं वायरिंग आणि डायनोवरचं (ताकद मोजणाऱ्या यंत्रावरचं) ट्यूनिंग, सगळं यात आलं. कॉइलचा खर्च त्यापुढे किरकोळ. एवढं नको, पण ॲडव्हान्सचा कर्व्ह मनासारखा हवा असेल, तर १२३ इग्निशनचा प्रोग्रॅमेबल डिस्ट्रिब्युटर आहे. तुमच्या इंजिनाला बसणारा मिळतो का ते आधी पाहा.

बॉक्स किंवा ईसीयू लावताना तांब्याच्या तारेच्या जुन्या प्लग वायरी ठेवू नका. त्यांच्या गोंगाटाने इलेक्ट्रॉनिक्स गोंधळतं. आणि मॉड्यूलच घेणार असाल तर जुनी पॉइंटची प्लेट कंडेन्सरसकट डिकीत टाका. त्र्यंबक रोडवर मॉड्यूल गेलं तर स्क्रूड्रायव्हरवर घरी येता येतं. ईसीयू गेला तर टोइंगच.