खिडकी न उघडता चित्रं काढायची: पीव्हीपायथन, पीव्हीबॅच की पायव्हिस्टा?

मराठवाड्याचे ८ जिल्हे, ७६ तालुके. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून ४ वेळा मोजते: जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर. मुरूम, पाषाण, मधले गेरूचे थर असं प्रत्येक तालुक्याचं त्रिमितीय मॉडेल करून त्यात पाणी कुठवर आहे ते दाखवायचं म्हटलं, तर एका वर्षाची ३०४ चित्रं होतात. पॅराव्ह्यू या त्रिमितीय चित्रं काढणाऱ्या प्रोग्रामच्या खिडकीत ३०४ वेळा 'अप्लाय' दाबत कोण बसणार? म्हणून स्क्रिप्ट लिहायची. आणि स्क्रिप्ट लिहिली की परभणी-नांदेडकडच्या संशोधक मुलांचा फोन येतो: "सर, खिडकीत सगळं दिसतंय, मग स्क्रिप्टमधून कोरं चित्र कामून येतंय?"

मी उलट विचारतो, स्क्रिप्ट कशाने चालवली? वाटा तीन आहेत. पॅराव्ह्यूसोबत येणारा पीव्हीपायथन, त्याच्याच फोल्डरातला पीव्हीबॅच, किंवा पॅराव्ह्यू बाजूला ठेवून आपल्या नेहमीच्या पायथनमध्ये पायव्हिस्टा ही लायब्ररी. तिन्हींच्या पोटात व्हीटीके हीच त्रिमितीय चित्रं काढणारी लायब्ररी आहे, त्यामुळे चित्राच्या दर्जावरून निवड करण्यात अर्थ नाही. कुठे अडायला होतं आणि तिथून सुटायला किती वेळ लागतो, यावरून करावी.

मॉड्यूलच सापडत नाही

'नो मॉड्यूल नेम्ड पॅराव्ह्यू' हा संदेश आला की समजायचं, स्क्रिप्ट मशीनवरच्या साध्या पायथनने चालवली आहे. पॅराव्ह्यू स्वतःचा पायथन बरोबर घेऊन येतो आणि त्याची मॉड्यूलं त्यालाच माहीत असतात. मॉड्यूलं कुठे शोधायची ते सांगणाऱ्या 'पायथनपाथ'मध्ये रस्ता जोडून साध्या पायथनला ती दाखवता येतात, पण दोन्हींची आवृत्ती जुळली नाही तर प्रोग्राम कोसळतो, आणि कारण कळायला आख्खा दिवस जातो. पीव्हीपायथन किंवा पीव्हीबॅच वापरला तर हा प्रश्नच उरत नाही.

मात्र तिथे उलटी अडचण येते. भूजलाचं मॉडेल मॉडफ्लो या भूजल-प्रवाहाच्या प्रोग्राममध्ये असेल आणि त्याचे निकाल तुम्ही फ्लोपाय या पायथन लायब्ररीने वाचत असाल, तर तो फ्लोपाय पॅराव्ह्यूच्या पायथनमध्ये नसतो. पायव्हिस्टा इथे सरळ पुढे आहे. पिपने बसवा, फ्लोपायच्या शेजारीच चालतो. पॅराव्ह्यूच हवा असेल तर कोंडा-फोर्ज या पॅकेजांच्या साठ्यावरून तो फ्लोपायसकट एकाच एन्व्हायर्नमेंटमध्ये घ्यावा. रस्ते जोडत बसण्यापेक्षा ते कितीतरी बरं.

कोरं चित्र

सगळ्यात जास्त वेळ इथेच जातो. पॅराव्ह्यूचा मोठा गुण म्हणजे ट्रेस: टूल्स मेनूतून 'स्टार्ट ट्रेस' करा, माऊसने काम करा, पायथन आपोआप लिहिला जातो. पायव्हिस्टात ही सोय नाही, प्रत्येक ओळ स्वतः लिहावी लागते. पण ट्रेस खिडकीच्या भरवशावर लिहिलेला असतो. त्याच्या सुरुवातीलाच पहिल्या रेंडरला कॅमेरा आपोआप बसवू नये, असं सांगणारी ओळ असते. खिडकीत कॅमेरा आधीच जागेवर असतो. स्क्रिप्टमध्ये तो भलतीकडे पाहतो आणि मॉडेल चौकटीबाहेर राहतं. 'रीसेटकॅमेरा' बोलावून बघा, बहुतेकदा तेवढ्याने काम होतं.

नाही झालं, तर 'गेटअ‍ॅक्टिव्हसोर्स' शोधा. खिडकीत काहीतरी निवडलेलं असतं, पीव्हीपायथनमध्ये सुरुवातीला काहीच नसतं, म्हणून हाती 'नन', म्हणजे काहीच नाही, येतं. फाइल स्वतः उघडा, तिला नाव द्या, 'शो' करा. पाइपलाइन, म्हणजे फाइलपासून चित्रापर्यंतच्या पायऱ्यांची साखळी, मागितल्याशिवाय हलत नाही, म्हणून आकडे वाचण्याआधी 'अपडेटपाइपलाइन' बोलवा. आणि ट्रेसमध्ये तुमच्या लॅपटॉपवरच्या फोल्डरचा पूर्ण पत्ता लिहिलेला असतो. दुसऱ्या मशीनवर तो कुठून सापडणार?

पायव्हिस्टात कोरं चित्र क्वचितच येतं, कारण कॅमेरा तो स्वतः बसवतो. तिथला त्रास वेगळा. ३०४ फेऱ्यांत प्रत्येक प्लॉटर (चित्र काढण्याची खिडकी) बंद केला नाही तर मेमरी फुगत जाते.

डिस्प्ले नाही

एसएसएचने दूरच्या मशीनवर गेलात आणि 'बॅड एक्स सर्व्हर कनेक्शन' आलं, तर तिन्ही वाटांवर दुखणं एकच. लिनक्सवरच्या जुन्या साध्या बिल्डला पडद्याआड चित्र काढायलाही एक्स सर्व्हर (लिनक्सवर पडदा सांभाळणारा प्रोग्राम) लागतो, 'फोर्स-ऑफस्क्रीन-रेंडरिंग' लिहून भागत नाही. ग्राफिक्स कार्ड असेल तर पडद्याविना कार्डावर चित्र काढणारी ईजीएल बिल्ड घ्या, नसेल तर प्रोसेसरवरच काढणारी ओएसमेसा. घाई असेल तर एक्सव्हीएफबी लावून खोटा पडदा उभा करा. व्हीटीके ९.४ पासून ही निवड प्रोग्राम चालू होतानाच होते, म्हणून जुनी आवृत्ती असेल तर आधी ती बदला.

अनेक कोअर

इथे पीव्हीबॅचला तोड नाही, तो एमपीआयखाली, म्हणजे एकच काम अनेक प्रक्रियांत वाटून देणाऱ्या व्यवस्थेखाली, चालण्यासाठीच आहे. पीव्हीपायथन क्लायंट आहे, दूरच्या पीव्हीसर्व्हरला जोडून घेऊ शकतो. पीव्हीबॅच जोडून घेत नाही, स्वतःच सर्व्हरसारखा वागतो. मात्र क्लस्टरचा एमपीआय आणि पॅराव्ह्यूच्या बिल्डमधला एमपीआय वेगळे असले, तर प्रत्येक प्रक्रिया स्वतःला पहिली समजते आणि १६ प्रक्रिया असल्या तर सोळाही जणी तेच चित्र एकावर एक लिहितात. वेळ जराही वाचत नाही आणि चूकही दिसत नाही. या प्रक्रिया सुरू करायला पॅराव्ह्यूसोबत आलेला एमपीआयएक्झेकच वापरा. डेटा एकाच तुकड्याच्या फाइलमध्ये असेल तर सगळं ओझं एकाच प्रक्रियेवर पडतं, हेही तपासा.

रंगांची पट्टी

कुठलीही वाट घेतलीत तरी हे एक करा. रंगांची मर्यादा दिली नाही तर प्रत्येक चित्र आपापल्या कमाल-किमान आकड्यांवर रंग ताणतं. मग कळमनुरीचा निळा म्हणजे ४ मीटर आणि आष्टीचा निळा म्हणजे १२ मीटर असं होऊ शकतं, आणि ही चित्रं टंचाईच्या बैठकीत शेजारीशेजारी लावली जातात. ज्या भागात मे महिन्यात टँकरची वाट पाहिली जाते, तिथे अशी चूक मला सहन होत नाही. पॅराव्ह्यूत 'रीस्केलट्रान्सफरफंक्शन', पायव्हिस्टात 'क्लिम', ७६ही तालुक्यांना एकच आकडे.

मग घ्यायचं काय?

तालुक्याएवढं मॉडेल, साधा लॅपटॉप आणि आधीपासून पायथनमध्ये काम: पायव्हिस्टा. माझं स्वतःचं मत इकडेच झुकतं, कारण मध्यरात्री लाईट गेली तरी सकाळी कुठल्या फेरीपासून सुरू करायचं ते साध्या लूपमध्ये लिहिता येतं. पायथन नुकताच शिकताय आणि खिडकीत हवं तसं चित्र जमलंय: ट्रेस घ्या आणि त्याच आवृत्तीच्या पीव्हीपायथनने चालवा. आख्ख्या गोदावरी खोऱ्याचं मॉडेल पुण्याच्या एखाद्या क्लस्टरवर चालवायचं असेल तर पीव्हीबॅच, पण आधी २ प्रक्रियांवर एक चित्र काढून बघा. व्हिजिट हा पॅराव्ह्यूसारखाच प्रोग्रामही खिडकीविना चालतो. तुमचे मार्गदर्शक तो वापरत असतील तरच त्याच्या वाटेला जा, कारण अडलात तर विचारायला कोणीतरी जवळ हवं.