कोअरबूट, एक जुना थिंकपॅड आणि तीन ऑपरेटिंग सिस्टिम

२०१२ साली आलेल्या थिंकपॅड एक्स२३०वर मूळ बायॉस (संगणक चालू होताच सर्वांत आधी धावणारा, चिपमध्ये साठवलेला प्रोग्राम) काढून त्याजागी कोअरबूट हा मुक्त स्रोत पर्याय बसवला. एकाच लॅपटॉपवर डेबियन, ओपनबीएसडी आणि विंडोज १० हे तिन्ही विनातक्रार चालतात का, एवढेच पाहायचे होते. लॉस अलामोस राष्ट्रीय प्रयोगशाळेत १९९९ मध्ये 'लिनक्सबायॉस' या नावाने सुरू झालेल्या आणि २००८ मध्ये नाव बदललेल्या या प्रकल्पाचे वैशिष्ट्य असे, की कोअरबूट स्वतः फक्त मेमरी, चिपसेट आदी यंत्रणा जागी करते आणि ऑपरेटिंग सिस्टिम शोधून सुरू करण्याचे काम 'पेलोड' नावाच्या वेगळ्या प्रोग्रामकडे सोपवते.

सगळा प्रश्न या पेलोडच्या निवडीचाच आहे. मी आधी सीबायॉस हा जुन्या बायॉससारखा वागणारा पेलोड घेतला. डेबियन आणि ओपनबीएसडी पहिल्याच दमात सुरू झाले. मात्र यूईएफआय, म्हणजे बायॉसनंतर आलेल्या नव्या बूट पद्धतीने बसवलेले विंडोज सीबायॉसला दिसलेच नाही, कारण सीबायॉस जुन्या बायॉस पद्धतीनेच बूट करते. शेवटी ईडीके२ हा यूईएफआय पेलोड घालून नवी इमेज (चिपवर लिहायची फाइल) बांधली, ओपनबीएसडी आणि डेबियन यूईएफआय पद्धतीने पुन्हा बसवले, तेव्हा तिन्ही नावे एका यादीत आली. हे आधी ठरवले असते तर एक अख्खा रविवार वाचला असता.

बसवण्याचे काम मात्र नाजूक आहे. कीबोर्ड आणि पामरेस्ट काढल्यावर मदरबोर्डवर शेजारीशेजारी दोन फ्लॅश चिप दिसतात, एक ८ एमबीची आणि एक ४ एमबीची. कोअरबूट ४ एमबीच्या चिपवर लिहायचे असते. चिपच्या आठ पायांना पकडून तारा जोडणारी क्लिप पहिल्या तीन वेळा नीट बसलीच नाही, म्हणून चिप दोनदा वाचून दोन्ही फायली तंतोतंत जुळतात की नाही हे पाहिल्याशिवाय काहीही लिहू नये. बाजारात मिळणाऱ्या स्वस्त काळ्या प्रोग्रामरच्या (चिप वाचण्या-लिहिण्याच्या उपकरणाच्या) डेटा तारांवर ५ व्होल्ट येतात आणि चिप ३.३ व्होल्टची असते, तेव्हा मी त्याऐवजी रास्पबेरी पाय हा छोटा संगणक वापरला.

मूळ बायॉस कंपनीच्या मंजूर यादीबाहेरचे वायफाय कार्ड नाकारत असे. ती अडवणूक गेली, हा माझ्या मते सर्वांत मोठा लाभ. उणेही आहेत: इंटेलचे मॅनेजमेंट इंजिन (चिपसेटमधल्या स्वतंत्र नियंत्रकाचा बंदिस्त प्रोग्राम) दुसऱ्या, ८ एमबीच्या चिपवर तसेच राहते आणि कीबोर्ड, बॅटरी सांभाळणाऱ्या एम्बेडेड कंट्रोलरचे फर्मवेअरही (आतला प्रोग्रामही) बंदिस्तच आहे, त्यामुळे 'संपूर्ण मुक्त संगणक' असे कोणी म्हणत असेल तर ते खरे नाही. शिवाय सीबायॉससोबत सेटिंगचा नेहमीचा पडदा येत नाही. बरेचसे पर्याय इमेज बांधतानाच ठरवावे लागतात.

एकदा बसल्यावर पुढच्या आवृत्तीसाठी लॅपटॉप पुन्हा उघडावा लागला नाही. लिनक्स कर्नलला 'आयओमेम=रिलॅक्स्ड' हा पर्याय देऊन फ्लॅशरॉम या चिप लिहिण्याच्या प्रोग्रामने आतूनच नवी इमेज लिहिता आली. जुन्या बायॉसची प्रत पेनड्राइव्हवर आहे, आणि क्लिप अजून टेबलाच्या खणात ठेवली आहे.