श्टाईन की शाफहाउझन? धबधबा बघून झाल्यावर उरलेला अर्धा दिवस

झ्युरिकला गेलेला आपला माणूस ऱ्हाईनचा धबधबा बघतोच, 150 मीटर रुंद, 23 मीटर उंच, फोटो काढले, थोडं भिजलो, दोन तासात विषय संपला. मग दुपार मोकळी. नदीच्या वरच्या अंगाला श्टाईन आम ऱ्हाईनला जायचं की शेजारच्या शाफहाउझनला? टूरवाले बहुतेक श्टाईनचं नाव घेतात, आणि फोटोसाठी ते बरोबरच आहे, पण माझं मत जरा वेगळं आहे.

श्टाईन एवढंसं गाव आहे. बोडेनझे तलाव जिथे संपतो आणि ऱ्हाईन परत नदी होऊन वाहायला लागते, तिथेच हे वसलंय. 1007 च्या सुमारास सम्राट दुसऱ्या हाइनरिखने होहेनट्वील डोंगरावरचा मठ इथे आणला आणि मठाच्या आधाराने गाव वाढलं. मुख्य चौकात उभं राहिलं की चारही बाजूंनी रंगवलेल्या भिंती, मान दुखेपर्यंत वर बघत राहायचं. फक्त एक सांगतो, हे सगळं मध्ययुगीन आहे असं गाईड म्हणाला तर मान डोलवू नका. ‘पांढरा गरुड’ नावाच्या घरावरचं चित्र 1520 च्या दशकातलं, पण टाऊन हॉल 1540 च्या आसपासचा असला तरी त्यावरची चित्रं 1900 च्या सुमाराची! खरा जुना खजिना मठाच्या आत आहे, तिथला मोठा हॉल 1515-16 मध्ये रंगवलाय, आणि गर्दी मात्र बाहेर आईस्क्रीम खात असते.

शाफहाउझनचं तसं नाही. हे गाव धबधब्याच्या अडचणीवर मोठं झालं. वरून येणाऱ्या नावा धबधब्यावरून उतरणार कशा? म्हणून सगळा माल, मीठ वगैरे, इथे उतरवायचा, गाड्यांवर लादायचा आणि धबधब्याच्या खाली परत नावेत भरायचा. म्हणजे हमाली आली, गोदामं आली, जकात आली. 1045 मध्ये तर टांकसाळीचा हक्क मिळाला. पैसा आल्यावर लोकांनी घरांना नक्षीदार बंद सज्जे काढले, असे 171 सज्जे आहेत म्हणतात, शेजाऱ्याने काढला म्हणून मीही काढणार असला प्रकार असावा. नंतर त्याच पाण्यावर कारखाने उभे राहिले, आयडब्ल्यूसी घड्याळं 1868 पासून इथलीच, आणि सुरू करणारा माणूस अमेरिकन.

आणि अमेरिकेचं दुसरं देणं म्हणजे बॉम्ब. चुकून पडले, दोन्ही गावांवर. शाफहाउझनला 1 एप्रिल 1944 ला 40 माणसं गेली, श्टाईनला 22 फेब्रुवारी 1945 ला 9. इतक्या छोट्या गावात 9 म्हणजे काय ते समजून घ्या.

आता निवड. सोबत गुडघेदुखीवाले आईबाबा असतील किंवा दोनच तास असतील तर सरळ श्टाईन, सगळं सपाट आणि हाताशी. चालायची तयारी असेल, दुकानं, ऑफिसं, शाळेतून सुटलेली पोरं असं नांदतं गाव बघायचं असेल तर शाफहाउझन. तिथे मुनोट नावाची गोल गढी आहे, 1564 ते 1589 एवढा वेळ बांधत होते, खाली द्राक्षाचे मळे आणि खंदकात पाण्याऐवजी चक्क हरणं. बुरुजावर राखणदार राहतो आणि रोज रात्री नऊला पाच मिनिटं हाताने घंटा वाजवतो, पूर्वी ही घंटा झाली की वेशी आणि दारूची दुकानं बंद. धबधबा करून संध्याकाळी झ्युरिकला पळणाऱ्यांना ती ऐकायला मिळतच नाही.

दोन्ही करायचं असेल तर सकाळी ट्रेनने श्टाईन गाठा आणि येताना बोट घ्या. उलटं करू नका, प्रवाहाबरोबर शाफहाउझनला तासाभरात येता, प्रवाहाविरुद्ध जवळजवळ दुप्पट वेळ जातो. मध्ये डीसेनहोफेनचा लाकडी पूल लागतो, पाणी चढलेलं असलं की त्याच्याखालून जायला बोटीची सुकाणूची केबिनच खाली करतात, तेव्हा वरच्या डेकवर उभे असाल तर निमूट बसून घ्या. हिवाळ्यात बोट बंद असते, आणि उन्हाळ्यात पाणी फार उतरलं तरी फेऱ्या रद्द होतात, त्यामुळे टाइमटेबल आदल्या रात्री बघा.