तपकीर गल्लीतला मिस्त्री, आणि चौदा महिने चुकलेलं ऐकणं

आधी तक्रार सांगते, मग कौतुक. बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीतल्या, रेकॉर्ड प्लेअर दुरुस्त करणाऱ्या या दुकानाला पाटी नाही, पावती मिळत नाही, आणि 'गुरुवारी या' म्हणाले तर कुठल्या महिन्यातला गुरुवार ते आपलं आपण ओळखायचं. माझा टर्नटेबल, म्हणजे रेकॉर्ड प्लेअर, तिथे पाच आठवडे होता. तरी पाचपैकी साडेचार देतेय. अर्धा कापलाय तो त्या गुरुवारांपायी.

मी सदाशिव पेठेत एका सीए फर्ममध्ये हिशेब बघते. गाणं शिकलेली नाही. आई शिकलीय, तिचं पुढे येईलच. फ्री जॅझचं, म्हणजे ठरलेल्या चाली-नियमांतून मोकळ्या झालेल्या जॅझचं, खूळ डोक्यात शिरलं तेही चाळिशी उलटल्यावर. आमचा चौघांचा गट आहे: मी, कॉलेजात फिजिक्स शिकवणारा एक मित्र, त्याची बायको आणि बँकेतून निवृत्त झालेले एक काका. दर दुसऱ्या शनिवारी माझ्याकडे जमायचं, एक एलपी दोन्ही बाजूंनी ऐकायची, मध्ये कुणी बोलायचं नाही, मग पोहे आणि भांडण. उरलेला महिना व्हॉट्सॲपवर 'हे ऐकलंस का' चालू.

टर्नटेबल न्यू जर्सीच्या मावसभावाचा. घर बदलताना त्याने तो मला दिला, सोबत पाच एलपी. त्यातली एक अमेरिकी सॅक्सोफोनवादक ऑर्नेट कोलमनची, नावच 'फ्री जॅझ'. भावाने ती कव्हरसाठी घेतली होती. कव्हरला खिडकी कापलेली आहे आणि आत अमेरिकी चित्रकार जॅक्सन पोलॉकचं चित्र दिसतं. रेकॉर्ड त्याने एकदाच लावली आणि बायकोने बंद करायला लावली, असं तो सांगतो. यंत्र अमेरिकेतलं, १२० व्होल्टचं. म्हणून बुधवारातल्याच दुसऱ्या एका दुकानातून स्टेप-डाउन, म्हणजे व्होल्ट उतरवणारा, ट्रान्सफॉर्मर घेतला. 'हा लावला की अमेरिका काय नि पुणं काय, सारखंच,' असं तिथल्या माणसाने ठासून सांगितलं. मी विश्वास ठेवला. चौदा महिने ठेवला.

मिस्त्रींकडे गेले ती वेगळ्याच तक्रारीने. डावा स्पीकर पुटपुटायला लागला होता. इतर कुठल्या रेकॉर्डला हे चाललं असतं, 'फ्री जॅझ'ला नाही चालत. २१ डिसेंबर १९६० ला न्यूयॉर्कमध्ये ती ध्वनिमुद्रित झाली तेव्हा कोलमनने चार वादकांच्या एका चौकडीऐवजी दोन चौकड्या समोरासमोर बसवल्या होत्या. डाव्या स्पीकरमध्ये खुद्द कोलमन, डॉन चेरीचा छोटासा पॉकेट ट्रम्पेट, बासवर स्कॉट लाफारो, ड्रमवर बिली हिगिन्स. उजवीकडे एरिक डॉल्फीचा बास क्लॅरिनेट, फ्रेडी हबर्डचा ट्रम्पेट, चार्ली हेडन आणि एड ब्लॅकवेल. डावी बाजू गेली म्हणजे यजमानच घरात नाहीत आणि पाहुणे गप्पा मारतायत.

टर्नटेबल गादीच्या खोळीत गुंडाळून नळ स्टॉपला मेट्रोत चढले, सिव्हिल कोर्टला बदलून मंडईला उतरले. गाडी नेऊ नका, त्या भागात पार्किंगच्या नादात सुई तुटेल. (मेट्रोच्या तपासणीत 'यात काय आहे' विचारलं. 'रेकॉर्ड प्लेअर' म्हटल्यावर तिथल्या मुलाने सोबतिणीला हाक मारून दाखवला.) दिव्यांच्या माळा आणि सीसीटीव्ही विकणाऱ्या दोन दुकानांच्या मधून लाकडी जिना आहे, वर दीड खणाची खोली. तिथे एचएमव्ही फिएस्टाची उघडी पेटी, उलटे ठेवलेले ॲम्प्लिफायर, सोल्डरचा वास, आणि छताला चोकवाली जुनी ट्यूबलाइट. ती ट्यूब लक्षात ठेवा.

डाव्या स्पीकरचं काम दहा मिनिटांत झालं. सुईचं कार्ट्रिज ज्या टोपीत बसतं तिच्या मागच्या चार पिनांवर काट चढला होता. मिस्त्रींनी पिना घासल्या, क्लिपा आवळल्या. मग सराफाकडे असतो तसा छोटा डिजिटल काटा काढून सुईचा भार तोलला, दोन ग्रॅमवर आणला. मी नवी सुई मागत होते. त्यांनी भिंगातून बघितलं आणि म्हणाले, 'चांगली आहे ताई, कशाला पैसे घालवता?' तीन हजारांचा माल विकायला नकार देणारा दुकानदार बुधवारात मी तरी दुसरा बघितलेला नाही.

मी उठणार, तेवढ्यात त्यांनी फिरत्या तबकडीवर काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा एक गोल कागद ठेवला आणि खोलीतले बाकीचे दिवे मालवले. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला पन्नास आवर्तनांची, आणि दर आवर्तनाला दोनदा, म्हणून तसली ट्यूब सेकंदाला शंभर वेळा लुकलुकते. कागदावर १८० पट्टे असतात. वेग एलपीला लागतो तसा मिनिटाला बरोबर ३३⅓ फेरे असेल तर ते पट्टे जागच्या जागी थांबल्यासारखे दिसतात. एलईडीखाली हा खेळ भरवशाने जमत नाही, म्हणून ती ट्यूब त्यांनी जिवापाड जपलीय. माझे पट्टे थांबायचं नाव घेईनात. नुसते पळत होते.

'ताई, हा हळू चाललाय. मिनिटाला अठ्ठावीस पण नाही.'

कारण त्यांनी दोन वाक्यांत सांगितलं. ट्रान्सफॉर्मर व्होल्ट बदलतो, हर्ट्झ बदलत नाही. ही मोटर हर्ट्झच्या तालावर फिरते. तिकडे ६० होते, इथे ५० आहेत, म्हणजे सहातला एक भाग गेला. ३३⅓ चे २७.८. मी मोबाइलवर आकडेमोड करत बसले. पुढचा हिशेब मीच केला आणि घाम फुटला: 'फ्री जॅझ' ३७ मिनिटांची आहे, ती माझ्याकडे ४४ मिनिटं चालत होती. आयुष्यभर दुसऱ्यांच्या ताळेबंदातल्या चुका काढल्या, आणि घरातली सात मिनिटं कधी मोजली नाहीत.

सूरही उतरला होता, जवळजवळ तीन पट्ट्या. काळी पाचची गायिका पांढरी पाचवर आली असं समजा. लता लावली असती तर पहिल्या ओळीला कळलं असतं. पण माझ्याकडच्या पाचही एलपी असल्याच, आणि फिजिक्सवाल्या मित्राने तर या सगळ्याला शास्त्रीय आधारही दिला होता. त्याने हेच संगीत एमपीथ्रीवर ऐकलेलं. माझ्याकडे ते जड, खोल वाटतं याचं कारण त्याने ग्रुपवर तीन परिच्छेदांत लिहिलं: एलपीच्या आवाजाला ऊब असते. तो मेसेज मी तारांकित करून ठेवला होता. अजून आहे.

बँकवाल्या काकांची मात्र मी मनापासून माफी मागितली. सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेनची 'इंटरस्टेलर स्पेस' ऐकताना ते म्हणाले होते, 'हा बॅरिटोन सॅक्स का गं?' (बॅरिटोन टेनरपेक्षा खालच्या सुराचा.) मी जरा तोऱ्यातच सांगितलं होतं, काका, टेनर आहे, कव्हर वाचा. ते गप्प बसले. त्यांचे कान बरोबर होते, माझं वाचन बरोबर होतं आणि यंत्र खोटं बोलत होतं.

दुरुस्ती म्हणजे मोटरच्या दांड्यावरची पुली बदलणं. जुनी १० मिलिमीटरची. मिस्त्रींनी भवानी पेठेतल्या एका लेथवाल्याकडून पितळेची १२ ची करून आणली. पट्टे जवळजवळ थांबले, पण मुंगीच्या चालीने मागे सरकत राहिले. मला चाललं असतं. त्यांना चालेना. पुलीवरून तबकडी फिरवणाऱ्या रबरी पट्ट्याची जाडी हिशेबात धरायला हवी होती, म्हणून १२ नाही, १२.१ हवी. परत लेथ, परत गुरुवार. पाच आठवड्यांचा खुलासा हाच आहे, एवढं कबूल करते. तरी फोन करून सांगायला काय जातं?

शेवटच्या खेपेला मी 'फ्री जॅझ' सोबत नेली. पूर्ण वाजवून बघितल्याशिवाय ते यंत्र देत नाहीत, आणि वाजवताना ऐकतात, मोबाइल बघत नाहीत. सगळे एकदम फुंकतात तिथे त्यांचा चेहरा जरा आंबट झाला. पुढे दुसऱ्या बाजूच्या शेवटाकडे फुंकायची वाद्यं थांबतात, दोन्ही बास आपसात बोलतात आणि मग दोन ड्रमवाले उरतात. तिथे त्यांनी हातातला पेचकस खाली ठेवला. 'डावीकडचा पत्र्यावर चालतो, उजवीकडचा कातड्यावर. दोघं एकमेकांना आडवे जात नाहीत.' मी चौदा महिने ऐकून हे मला सुचलं नव्हतं. खरंच तसंच आहे: हिगिन्सची झांज पळत राहते आणि ब्लॅकवेल ड्रमच्या सुरांशी खेळतो. मग कळलं की मिस्त्री वीस वर्षं एका पथकात ताशा वाजवतात. एका ताशाची तर्री, म्हणजे काड्यांची सलग थरथर, कुठे संपते नि दुसऱ्याची कुठे सुरू होते हे ज्याला गर्दीत कळतं, त्याला दोन स्पीकरमध्ये कळणारच. ब्लॅकवेल न्यू ऑर्लिन्सचा, जिथे बँड रस्त्यावरून मिरवणुकीने जातात, हे मी सांगितलं. त्यांनी मान हलवली, नवल वगैरे काही दाखवलं नाही.

'यातलं कोण जिवंत आहे?' त्यांनी विचारलं. या रेकॉर्डवरचं कोणी नाही. पण मी त्यांना मार्शल ॲलनचं सांगितलं. स्वतःला शनी ग्रहावरचा म्हणवणाऱ्या सन रा नावाच्या जॅझ संगीतकाराच्या ताफ्यात हा गृहस्थ १९५८ पासून सॅक्सोफोन वाजवतोय. मे २०२४ मध्ये शंभरी गाठली, आणि २०२५ मध्ये स्वतःच्या नावाचा पहिला एकल अल्बम काढला, 'न्यू डॉन'. मिस्त्री म्हणाले, 'पहिला? मग अजून काढेल.'

आता आई. जॉन कोल्ट्रेनची बायको, हार्पवादक ॲलिस कोल्ट्रेन, तिची १९७१ ची 'जर्नी इन सच्चिदानंद' मी गेल्या वर्षी तिला कौतुकाने ऐकवली होती, कारण तिच्यात तानपुरा आहे. आई दोन मिनिटं ऐकून म्हणाली होती, 'तार ढिली आहे गं याची.' मी तिला समजावलं, हे वेगळं संगीत आहे, इथे आपले नियम लावायचे नसतात. ती म्हणाली बरं, आणि भाजी निवडायला निघून गेली. टर्नटेबल घरी आल्यावर पहिली तीच रेकॉर्ड लावली. आई अख्खी बाजू बसली. फेरो सँडर्सचा सोप्रानो सॅक्सोफोन तिला आवडला, हार्पचं 'फार पाणी पाणी होतं' असं मत पडलं, तानपुऱ्याबद्दल ती काहीच बोलली नाही. मीही विचारलं नाही. मग विषयातून विषय निघाला तेव्हा सांगितलं की 'फ्री जॅझ'मधला तो डॉन चेरी पुढे भारतीय संगीताच्या नादी लागला, १९७८ मध्ये पॅरिसला लतीफ अहमद खाँच्या तबल्याबरोबर त्याने रेकॉर्ड केलं, आणि त्रिलोक गुर्टूही त्याच्यासोबत वाजवायचा. 'शोभाताईंचा त्रिलोक?' म्हणजे गायिका शोभा गुर्टूंचा मुलगा. आई एकदम सरसावून बसली. एवढ्या वर्षांत माझ्या या छंदाला घरात मिळालेली ही पहिली प्रतिष्ठा.

नवा वेग मिळाल्यावर बाकीचं पुन्हा ऐकणं चालू आहे. 'इंटरस्टेलर स्पेस'बद्दल एवढंच: फेब्रुवारी १९६७ मध्ये, मृत्यूच्या पाच महिने आधी, कोल्ट्रेनने फक्त रशीद अलीच्या ड्रमसोबत हे वाजवलं, आणि खऱ्या वेगात पहिली बाजू ऐकताना मला मधेच उठून पाणी प्यावं लागलं. आधी तिच्यावर मी चहा प्यायचे. पुढच्या शनिवारी फिजिक्सवाला 'द एनआयडी टेप्स' आणणार आहे: १९६९ मध्ये अमेरिकी संगीतकार डेव्हिड ट्यूडरने अहमदाबादच्या एनआयडीत, म्हणजे राष्ट्रीय डिझाइन संस्थेत, 'मूग' नावाचा सिंथेसायझर (विजेवर सूर तयार करणारं यंत्र) बसवला, त्यावर गीता साराभाई, अतुल देसाई वगैरे मंडळींनी केलेले प्रयोग. पन्नास वर्षांनी, २०२३ मध्ये ते बाहेर आले. त्यात सूर चढलाय की उतरलाय हे कुणाला कळणार, असा विनोद त्याने ग्रुपवर टाकला. कुणी हसलं नाही.

बिल: साफसफाई १५०, पुली लेथच्या दोन खेपांसह १८००, नवा पट्टा ६००. एकूण २५५०. यूपीआय चालतं, नाव बायकोचं येतं, घाबरू नका. दुपारी दुकान बंद असतं; सकाळी साडेअकरानंतर जा. तबकडी वेगळी काढून न्या, सुईला टोपण घाला. अमेरिकेतून कुणी यंत्र देत असेल तर मागच्या पट्टीवर ६० हर्ट्झ लिहिलंय का ते आधी वाचा. आणि आषाढ संपत आला की पथकाचा सराव सुरू होतो, तिथून अनंत चतुर्दशीपर्यंत काही द्यायच्या फंदात पडू नका; घेतील, पण हात लावणार नाहीत.

काल त्यांचा फोन आला, स्वतःहून. ती दोन ड्रमवाली रेकॉर्ड पुन्हा घेऊन या म्हणाले, ताशाच्या पोरांना तेवढा तुकडा ऐकवायचाय. कधी येऊ विचारलं, तर म्हणाले, गुरुवारी.