ताज महालचे पहिले तीन अल्बम : आठ महिन्यांच्या सोबतीनंतर

ताज महाल या अमेरिकी ब्लूज गायकाचे (ब्लूज म्हणजे अमेरिकेच्या दक्षिणेतल्या कृष्णवर्णीयांच्या लोकगाण्यांतून घडलेले संगीत) पहिले तीन अल्बम मी गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर घेतले आणि तेव्हापासून आठवड्यातून तीन-चारदा तरी त्यांतला एखादा घरात वाजतोच आहे. १९६८ सालचा ‘ताज महाल’, त्याच वर्षाच्या अखेरीस आलेला ‘द नॅचल ब्लूज’ आणि १९६९ सालचा ‘जायंट स्टेप / डी ओल फोक्स ॲट होम’ हा दोन तबकड्यांचा जोड अल्बम, असे हे तीन. पहिल्या पंधरवड्यातच अभिप्राय लिहायला बसले होते. तो तेव्हा पुरा केला असता तर आज बदलावा लागला असता, कारण त्या वेळी जे सर्वांत आवडले होते ते आता दुसऱ्या क्रमांकावर गेले आहे आणि जे अर्ध्यावर बंद केले होते तेच आता रोज लागते.

कॉलेजात असताना दादाने कुणाकडून तरी भरून आणलेल्या एका कॅसेटवर या गायकाचे एकच गाणे होते, ‘स्टेट्सबरो ब्लूज’. गायकाचे नाव ताज महाल कसे, याचे तेव्हा नवल वाटले आणि विषय तिथेच राहिला. पुढे कळले की हेन्री सेंट क्लेअर फ्रेडरिक्स हे त्याचे पाळण्यातले नाव. जन्म १९४२ चा, न्यूयॉर्कच्या हार्लेममधला, पण लहानाचा मोठा झाला मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डमध्ये. वडील कॅरिबियन वंशाचे, जॅझचे संगीत बांधणारे आणि पियानोवादक; आई दक्षिण कॅरोलायनाची, गॉस्पेल म्हणजे चर्चमधली भक्तिगीते गाणारी शिक्षिका. महात्मा गांधी, भारत आणि माणसामाणसांतली सहिष्णुता यांची स्वप्ने पडत, त्यांतून त्याने हे नाव घेतले. मला त्याच्या चरित्रातला सर्वांत बोलका भाग वाटतो तो शेतीचा. ऐन तारुण्यात त्याने पामर गावाजवळच्या दुग्धशाळेत गाई सांभाळल्या, विद्यापीठात पशुपालनाचे शिक्षण घेतले आणि शेतकरी व्हायचे की गायक, हा प्रश्न त्याच्यापुढे खरोखरच होता. कष्टाच्या कामाची लय अंगात मुरलेला माणूस गातो आहे, हे या तबकड्या ऐकताना सतत जाणवते.

पहिला अल्बम पहिल्याच ऐकण्यात पकडतो. ‘लीव्हिंग ट्रंक’च्या आरंभी माउथ ऑर्गन असा येतो की हातातले काम थांबते. त्यामागून ड्रम्स, बेस आणि गिटार एकाच ठेक्यात चालू लागतात. हा ठेका समजून घेण्यासारखा आहे. प्रत्येक ठोक्याचे तीन भाग पाडायचे, मधला गाळायचा आणि तिसऱ्यावरून पुढच्या ठोक्यावर उतरायचे. त्यामुळे चालीला झुलता डौल येतो. अल्बममधल्या आठ गाण्यांपैकी तीन टेनेसीच्या स्लीपी जॉन एस्टीस या जुन्या गायकाची आहेत, तर ‘स्टेट्सबरो ब्लूज’ हे ब्लाइंड विली मॅक्टेलचे. जॉर्जियातल्या एका गावाचे नाव घेऊन मॅक्टेलने ते १९२८ मध्ये एकट्याच्या गिटारवर गायले होते. ताज महालने ते वाद्यवृंदासह उभे केले आणि त्यात जेसी एड डेव्हिसची स्लाइड गिटार आणली. डेव्हिस हा ओक्लाहोमाचा, मूळ अमेरिकी वंशाचा वादक. स्लाइड म्हणजे बोटात काचेची किंवा धातूची नळी घालून ती तारेवरून घसरवणे. आपल्या कानाला ती मींड म्हणून लगेच ओळखू येते. डेव्हिस सूर ताणून दाखवत बसत नाही. गायकाची ओळ संपते तिथे तो दोन-तीन स्वरांचे उत्तर देतो आणि बाजूला होतो. हेच ध्वनिमुद्रण ऐकून ड्युएन ऑलमन हा अमेरिकी रॉक गिटारवादक सर्दीच्या गोळ्यांची रिकामी बाटली बोटात घालून स्लाइड शिकला आणि पुढे त्याच्या ऑलमन ब्रदर्स बँडने १९७१ च्या आपल्या गाजलेल्या मैफिलीच्या अल्बमची सुरुवात याच गाण्याने केली. राय कूडर हा गिटारवादकही या पहिल्या अल्बमवर साथीला आहे. त्याच्याबरोबरचा ‘रायझिंग सन्स’ हा गट तोवर मोडला होता आणि त्या गटाची गाणी अल्बमरूपाने थेट १९९२ मध्ये बाहेर आली.

‘द नॅचल ब्लूज’ अधिक मोकळा आहे. ‘कोरिना’ मी कितीदा ऐकले याची गणती नाही. त्यात घाई कुठेच नाही. आवाज खरखरीत असूनही गाणे मऊ लागते. ‘शी कॉट द केटी’ हे त्याने यँक राशेलच्या सोबतीने रचले. राशेल हा एस्टीसचा जुना साथीदार आणि मँडोलिनवादक, म्हणजे ताज महाल जुन्यांची नुसती गाणी घेत नव्हता, त्यांच्याबरोबर बसून नवीही बांधत होता. केटी म्हणजे मिसूरी-कॅन्सस-टेक्सास ही रेल्वे. बाई त्या गाडीने निघून गेली आणि मागे राहिलेल्याला बसायला खेचर ठेवले, एवढीच तक्रार; पण गाणारा ती अशा रुबाबात सांगतो की त्याची कीव येत नाही, त्याच्याबरोबर चालावेसे वाटते. ब्लूज म्हणजे निव्वळ दुःखाचे रडगाणे, ही माझी वर्षानुवर्षांची समजूत याच गाण्याने मोडली. शेवटची दोन गाणी सोल संगीताच्या, म्हणजे गॉस्पेल आणि ब्लूजमधून निघालेल्या लोकप्रिय गाण्यांच्या, वळणाची आहेत आणि त्यांतले विल्यम बेलचे ‘यू डोन्ट मिस युवर वॉटर’ फार चांगले उतरले आहे.

आता तिसरा. त्यातली पहिली तबकडी, ‘जायंट स्टेप’, वाद्यवृंदाची आहे आणि ती मला आजही विस्कळीत वाटते. काही गाणी उत्तम, काही नुसती वेळ भरणारी. दुसऱ्या तबकडीवर मात्र हा माणूस एकटा आहे. आवाज, गिटार, बँजो आणि माउथ ऑर्गन, बस्स. हा बँजो आपल्या मिरवणुकीतला कळपट्टीचा बेंजो नव्हे, तर आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या लोकांनी अमेरिकेत घडवलेले, चामड्याने मढवलेले वाद्य. सुरुवातीला ही तबकडी मला रिकामी वाटली, कारण कान अजून ड्रम्स शोधत होता. दिवाळीच्या सुमारास एकदा पहाटे, घरात कुणी उठलेले नसताना, ‘फिशिन ब्लूज’ हळू आवाजात लावले आणि प्रथमच अंगठा ऐकू आला. अंगठा जाड तारांवर एकसारखा, न चुकता ठोका धरून असतो आणि बाकीची बोटे वरच्या तारांवर चाल वाजवतात, मध्येच ठोक्याच्या अलीकडे किंवा पलीकडे उतरतात. एकाच हातात बेस, ठेका आणि चाल. टेक्सासच्या हेन्री थॉमसचे हे १९२८ चे गाणे मासे धरायला जाण्याचे आहे आणि त्यात निखळ आनंदाखेरीज काही नाही.

याच तबकडीवरचे ‘लायनिन ट्रॅक’ हे रूळ सरळ करणाऱ्या मजुरांचे गाणे आहे. लोखंडी पहारी रुळाखाली घालून सगळ्यांनी एकाच क्षणी जोर लावायचा, आणि तो क्षण कोणता हे म्होरक्याच्या गाण्याने ठरायचे. इथे लय ही शोभा नाही, ते अवजार आहे. जात्यावरची ओवी किंवा मोटेवरचे गाणे ज्यांच्या घरात कुणी ऐकले आहे त्यांना हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

ज्यांना हे घ्यायचे आहे त्यांच्यासाठी दोन गोष्टी. पहिला अल्बम मी जुन्या एल.पी.च्या रूपात मागवला आणि विक्रेत्याने तो इतका निष्काळजीपणे बांधला होता की कडेला बाक आला. एल.पी.वरचे पहिले गाणे बाहेरच्या कडेलाच असते, त्यामुळे ‘लीव्हिंग ट्रंक’मधला माउथ ऑर्गन हेलकावे खातो आणि सुई दोनदा उडते. शेवटी सीडी घेतली आणि ती निर्दोष निघाली. दुसरी गोष्ट शब्दांची. दक्षिणेकडच्या कृष्णवर्णीयांची बोली पहिल्या ऐकण्यात निम्मी निसटते. मी शब्द शोधून वहीत उतरवून घेतले, तेव्हा गाणी दुपटीने उघडली. हे कष्ट घ्यावेत, असे मी आग्रहाने सांगेन. फोनच्या स्पीकरवर तर ही गाणी ऐकूच नयेत, कारण अंगठ्याने वाजलेल्या खालच्या तारा त्यात पार नाहीशा होतात.

नाव भारताचे घेतलेला हा गायक पुढे १९९५ मध्ये ‘मुमताज महाल’ या अल्बमसाठी पंडित विश्वमोहन भट्ट आणि एन. रविकिरण या भारतीय शास्त्रीय वादकांसोबत बसला. तो मी हे तीन ऐकल्यावर घेतला. आधी घेतला असता तर त्यातली तडजोड अधिक दिसली असती, आता त्याचा अंगठा तिथेही ओळखू येतो.

गेल्या आठवड्यात पुन्हा ‘स्टेट्सबरो ब्लूज’ लावले. दादाच्या कॅसेटवर मला त्यात फक्त स्लाइड ऐकू आली होती. या वेळी लक्ष खाली गेले, बेस आणि ड्रम्सकडे, आणि ते दोघे मिळून ‘फिशिन ब्लूज’मधल्या त्या एका अंगठ्याचेच काम करत होते.