मायक्रोपिपेट दुरुस्ती आणि कॅलिब्रेशन, रबाळे एमआयडीसी

मी जनुकशास्त्राच्या लॅबमध्ये टेक्निशियन आहे, दिवसभर हातात पिपेट, म्हणजे अगदी थोडा द्रव मोजून घेण्याचं साधन. गेल्या महिन्यात रिअल-टाइम पीसीआरमध्ये (डीएनएच्या प्रती वाढवत मोजण्याची चाचणी) एकाच नमुन्याच्या तीन वेलचे (प्लेटमधले छोटे खळगे) आकडे काही केल्या जुळेनात. किट बदललं, प्रायमर (चाचणीत लागणारे डीएनएचे छोटे तुकडे) नव्याने विरघळवले. दोन आठवडे गेले. शेवटी 20 मायक्रोलिटरच्या पिपेटवर संशय आला आणि ऐरोलीहून रिक्षाने ते इथे आणलं.

दुरुस्ती करणाऱ्या काकांनी माझ्यासमोरच डिस्टिल्ड वॉटर ओढून दहा वेळा वजन घेतलं. 20 मायक्रोलिटर पाणी साधारण 20 मिलिग्रॅम भरायला हवं. आमचं 18च्या आसपास, तेही दर वेळी वेगळं. उघडल्यावर पिस्टनवर क्षाराचा पांढरा थर, सील झिजलेलं. "ताई, भरलेली टिप असताना आडवं ठेवता का? द्रव आत शिरतो," ते म्हणाले. खरंच, घाईत ठेवतो आम्ही. त्याच दिवशी मी लॅबमध्ये पिपेटचा स्टँड मागवला.

सील बदलून, पुन्हा दहा वजनं घेऊन तासाभरात पिपेट हातात दिलं. कॅलिब्रेशनचं (माप तपासल्याचं) सर्टिफिकेट मात्र चार दिवसांनी आलं, ऑडिट तोंडावर असेल तर आधीच जा. दुसऱ्या दिवशी तिन्ही वेलचे आलेख एकमेकांवर चपखल बसले.