घड्याळात शुगर १२१ दिसत होती

अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची, शुगरची एक वही आहे. दोनशे पानी, एकरेघी. मधुमेह निघाल्यापासून आठवड्यातून तीन-चारदा सकाळी उपाशीपोटी बोट टोचून जो आकडा येईल तो ते त्यात लिहितात. डावीकडे तारीख, उजवीकडे आकडा. १४३. १६८. १३१. एखाद्या दिवशी १९० च्या वर गेला तर पुढे बारीक अक्षरात कारण: 'पुरणपोळी', 'पुतणीचं लग्न'. गेल्या दिवाळीच्या आधीच्या पानावर मात्र लागोपाठ नऊ दिवसांचे आकडे आहेत आणि सगळे ११० ते १२० च्या आत आहेत. ते नऊच्या नऊ आकडे खोटे आहेत. मी हौसेने घरी आणलेल्या घड्याळातून ते आले.

नुसते पैसे गेले असते तर मी गप्प बसलो असतो. पण अण्णांच्या बाबतीत जे होता होता राहिलं ते दुसऱ्या कुणाच्या घरात होऊ नये, म्हणून सगळं सविस्तर लिहितो आहे.

मी नाशिकच्या सातपूरला एका कारखान्यात टूलरूममध्ये आहे. चार वर्षांपूर्वी डॉक्टरांनी वजन उतरवायला सांगितलं तेव्हा एका नावाजलेल्या कंपनीचा फिटनेस बँड घेतला होता. त्या बँडने मला खरोखर चालायची सवय लावली. फर्स्ट शिफ्ट असली की संध्याकाळी गोल्फ क्लबच्या ट्रॅकवर फेऱ्या, रविवारी पहाटे मित्रांबरोबर पांडवलेणी. पायऱ्या चढून वर पोचलो की बँडवर नाडी १४५-१५० दिसायची, पाच मिनिटं कठड्याला टेकून बसलो की शंभराच्या खाली यायची. पुढे पुढे ती लवकर उतरायला लागली, तेव्हा मला कोण आनंद झाला होता. पण चार वर्षांत बँड थकला. पट्टा तीनदा बदलला, चार्जिंग दीड दिवस पुरेना. आता जरा मोठ्या स्क्रीनचं, नवीन काहीतरी घ्यावं असं मनात होतं.

तेवढ्यात गंगापूर रोडला एका मैदानावर दिवाळीचं प्रदर्शन लागलं. पैठण्या, लोणची, पायाला मसाज करणारी यंत्रं, आणि त्यातच घड्याळांचा एक गाळा. वर फलक होता, 'जुना बँड द्या, नवीन स्मार्टवॉच न्या'. खाली चित्रांसह यादी: नाडी, बीपी, ऑक्सिजन, ईसीजी, शुगर. खोक्यावर किंमत ९,९९९, आणि गाळ्यावरचा मुलगा म्हणत होता, "प्रदर्शनापुरतं तीन हजार."

मी नुसता बघत होतो. त्याने विचारलं, "काका, घरात शुगर आहे का कुणाला?"

आता वाटतं, हा प्रश्न तो प्रत्येकाला विचारत असणार. पन्नाशीच्या माणसाच्या घरात आई, वडील, सासू, कुणाला ना कुणाला शुगर असतेच. मी "वडिलांना" म्हटलं आणि त्याने लगेच माझ्या मनगटावर घड्याळ चढवलं. मागे हिरवा दिवा लुकलुकला, पडद्यावर एक थेंब गोल गोल फिरला आणि अर्ध्या मिनिटात १०८ आकडा आला. "बघा, एकदम नॉर्मल. सुई नाही, रक्त नाही. लेझर आहे याच्यात." मी दहा मिनिटांपूर्वी दोन प्लेट भेळ आणि वर गोड लस्सी घेतली होती. पण डोळ्यांसमोर अण्णांची बोटं होती. टोचून टोचून टोकाची कातडी जाड झाली आहे, थंडीत रक्त येईना म्हणून ते बोट दाबत बसतात. त्यांची ती कटकट सुटेल, एवढंच डोक्यात राहिलं.

दोन घड्याळं घेतली. एक मला, एक अण्णांना. दोन्ही मिळून ५,५००, जुन्या बँडचे ७०० वजा, हातात ४,८००. पक्कं बिल मागितलं तर म्हणाला, "बिल पाहिजे तर अठरा टक्के जीएसटी वरून लागेल काका. आपली वर्षभराची रिप्लेसमेंट आहे, ही चिठ्ठी दाखवायची." चिठ्ठीवर 'वॉच २ नग', एक मोबाईल नंबर आणि वाचता न येणारा शिक्का. क्यूआर कोड स्कॅन केला तेव्हा समोर दुकानाचं नाव आलंच नाही, एका माणसाचं नाव आलं. तेही पाहिलं आणि पैसे पाठवले.

पुढचं त्याने इतक्या झपाट्याने केलं की मी फक्त फोन हातात देऊन उभा होतो. जुना बँड माझ्या हातून काढून घेतला आणि टेबलाखालच्या डब्यात टाकला. त्या डब्यात तसे बरेच बँड पडले होते. बँड माझ्या खात्यातून काढायचा, त्यातली माहिती पुसायची, यातलं काहीच झालं नाही. मग माझ्या फोनवर खोक्यावरचा कोड स्कॅन करून ॲप टाकलं. प्ले स्टोअरवरून नव्हे, कुठल्याशा लिंकवरून. फोनने धोक्याची सूचना दिली ती त्याने अंगठ्याने बाजूला सारली. कॉन्टॅक्ट, कॉल, एसएमएस, जे जे विचारलं त्याला 'अलाऊ'. पावलं मोजणाऱ्या ॲपला माझे एसएमएस वाचून काय करायचं होतं? मेसेज आल्याचं मनगटावर दाखवायला नोटिफिकेशनची परवानगी पुरते. बँकेचे ओटीपी त्याच एसएमएसमध्ये येतात, हे माझ्या उशिरा लक्षात आलं.

पहिल्याच रविवारी मला कळायला हवं होतं. पांडवलेणीच्या शेवटच्या पायरीवर छाती धपापत होती, कानात ठोके ऐकू येत होते आणि घड्याळ म्हणत होतं ७८. खाली पार्किंगमध्ये ७६ होतं. शेजारी उभ्या असलेल्या मित्राच्या जुन्या बँडवर १४१. मी स्वतःची समजूत घातली, नवीन मॉडेल आहे, सरासरी काढत असेल. इथे माझं चुकलं. त्याच दिवशी घरी येऊन अण्णांच्या हातातलं घड्याळ काढलं असतं तर पुढचं टळलं असतं.

अण्णा खूश होते. सकाळी उठून मनगटाकडे बघायचे आणि वहीत लिहायचे. ११२, ११४, ११३, ११६. "पथ्य लागू पडलं बघ," असं आईला सांगायचे. ग्लुकोमीटर कपाटात गेला.

दहाव्या दिवशी संध्याकाळी मी सेकंड शिफ्टला होतो. अण्णांनी दुपारी पोट जड वाटतं म्हणून जेवण जवळजवळ टाळलं होतं, गोळी मात्र सकाळी नेहमीप्रमाणे घेतलेली. सातच्या सुमारास त्यांना थरथरायला लागलं. त्यांनी घड्याळात पाहिलं, शुगर १२१. म्हणजे शुगरचं काही नाही, अशक्तपणा असेल, असं म्हणून ते पांघरूण घेऊन आडवे झाले. माझी बायको चहा घेऊन गेली तेव्हा बनियन घामाने चिंब, आणि अण्णा तिला ओळखीचं पण भलतंच काहीतरी बोलत होते. तिने घड्याळाकडे पाहिलंही नाही. कपाटातून ग्लुकोमीटर काढला, बोट टोचलं. ५४.

७० च्या खाली म्हणजे शुगर पडली, हे आम्हाला डॉक्टरांनी पूर्वीच सांगून ठेवलं होतं. शुद्धीवर होते, गिळता येत होतं, म्हणून तिने लगेच तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून पाजली. पंधरा मिनिटांनी पुन्हा टोचलं, ८३. मग दूध-पोळी खाऊ घातली आणि डॉक्टरांना फोन केला. मी घरी पोचलो तेव्हा अण्णा उशीला टेकून बसले होते, आणि घड्याळ त्यांच्या हातात तसंच होतं. तेव्हाही ११९ दाखवत होतं.

त्या रात्री मी स्वयंपाकघराच्या ओट्यावर बसून तपासणी केली. घड्याळ पाण्याच्या तांब्यावर बांधलं. नाडी ७४, बीपी ११८/७८, ऑक्सिजन ९८, शुगर ११५. इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगतो: चांगल्या कंपनीचा बँडसुद्धा निर्जीव वस्तूवर कधीकधी नाडीचा आकडा दाखवतो, कारण हिरवा प्रकाश कातडीत टाकून परत येणारा कमी-जास्त प्रकाश मोजायचा, एवढंच त्याला कळतं. त्यामुळे केवळ तांब्यावरून निकाल देऊ नका. खरी परीक्षा दमल्यावर होते. मी जिना चारदा चढलो-उतरलो, मनगटावर बोटं ठेवून अर्धा मिनिट ठोके मोजले, दुप्पट केले. १२८. घड्याळ ७७. दुसरं घड्याळ ७५. आदल्या रात्री माझं घड्याळ चार्जरवर होतं आणि ॲपमध्ये सात तास वीस मिनिटं झोप नोंदलेली. मोजमाप काही होतच नव्हतं, आकडे नुसते बनवून दाखवले जात होते.

नंतर डॉक्टरांनी जे सांगितलं ते माझ्यासारख्या प्रत्येकाला माहीत असायला हवं. नुसतं मनगटावर बांधून, कातडीला न टोचता रक्तातली साखर मोजणारं घड्याळ किंवा अंगठी म्हणून जे विकलं जातं त्यावर विसंबायचं नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने, म्हणजे एफडीएने, २१ फेब्रुवारी २०२४ रोजी हाच इशारा दिला होता आणि अशा एकाही घड्याळाला किंवा अंगठीला आपण मान्यता दिलेली नाही, असं स्पष्ट सांगितलं होतं. दंडाला चिकटवायचा सेन्सर मिळतो, तो वेगळा. त्याचा केसासारखा बारीक तंतू कातडीखाली जातो आणि काही दिवसांनी सेन्सर बदलावा लागतो. त्याचा आकडा काही घड्याळांवर दिसतो, पण मोजतो तो सेन्सर. बीपीचंही तसंच. सॅमसंगच्या ज्या घड्याळांत ती सोय आहे ती दंडाच्या पट्ट्याच्या मशीनशी आधी जुळवून घ्यावी लागतात, आणि दर २८ दिवसांनी पुन्हा. बांधल्या बांधल्या बीपी सांगणाऱ्या घड्याळावर विश्वास ठेवून कुणी गोळी कमी-जास्त करू नका.

दुसऱ्या दिवशी मैदानावर गेलो. बांबूंचे खड्डे आणि फाटके फ्लेक्स, बाकी काही नाही. चिठ्ठीवरचा नंबर बंद. बँकेत सांगितलं, पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत, परत आणणं अवघड आहे. १९३० या सायबर हेल्पलाईनला फोन केला, केंद्राच्या सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार भरली आणि तक्रार क्रमांक घेतला. पैसे गेल्या गेल्या, शक्यतो पहिल्या काही तासांत १९३० ला कळवलं तर समोरच्या खात्यातली रक्कम रोखता येण्याची आशा असते. मी दहा दिवस उशिरा गेलो होतो. ग्राहक हेल्पलाईन १९१५ वरही नोंद केली. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला फी लागत नाही आणि दोन वर्षांची मुदत असते. पण तिथे पहिला प्रश्न येतो, तक्रार कुणाविरुद्ध? बिल नाही, दुकानाचं नाव नाही, पत्ता नाही. अठरा टक्के वाचवायच्या नादात मी तोच कागद सोडला होता.

खोकं नीट पाहिलं तेव्हा तर अंगावर काटा आला. बनवणाऱ्याचं किंवा आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता नाही, कुठल्या देशात बनलं ते नाही, महिना-साल नाही. पाकीटबंद मालावर हे सगळं छापणं कायद्याने बंधनकारक आहे. स्मार्टवॉचला भारतीय मानक ब्युरोची नोंदणीही सक्तीची आहे. तो आर अक्षराने सुरू होणारा क्रमांक 'बीआयएस केअर' ॲपमध्ये टाकला की कंपनीचं नाव आणि वस्तू समोर येते. माझ्या खोक्यावर चिन्ह छापलेलं होतं, क्रमांक टाकला तर निघाला भलत्याच कंपनीच्या चार्जरचा. गाळ्यासमोर उभ्या उभ्या दोन मिनिटांत हे तपासता आलं असतं.

ते ॲप काढून टाकलं, फोन रीसेट केला, बँकेचे पासवर्ड आणि यूपीआय पिन बदलले. जुन्या बँडच्या कंपनीच्या ॲपमध्ये पुन्हा लॉगिन केल्यावर चार वर्षांची पावलं आणि झोप सुखरूप सापडली. मग तिथून तो बँड खात्यातून काढला. तुम्ही जुना बँड कुणालाही देणार असाल, एक्स्चेंजमध्ये किंवा भाच्याला, तर हे आधी करा. त्यात तुमचं नाव, जन्मतारीख, वजन आणि झोपण्या-उठण्याच्या वेळा असतात.

अण्णांनी वहीतल्या त्या नऊ आकड्यांवर लाल पेनाने आडवी रेघ मारली आहे. पान फाडू म्हटलं तर नको म्हणाले, डॉक्टरांना दाखवायचं आहे. आता पुन्हा बोट टोचतात. परवाचा आकडा १५२.

प्रदर्शनाच्या आयोजकांकडे मी तीन चकरा मारल्या. आधी "गाळेवाल्याशी आमचा संबंध नाही" म्हणाले. लेखी अर्ज आणि पोर्टलचा तक्रार क्रमांक पुढे ठेवल्यावर गाळा भाड्याने घेणाऱ्याची कागदपत्रं पोलिसांना द्यायला तयार झाले आहेत. त्या डब्यात टाकलेले इतके बँड होते, म्हणजे नाशिकमध्ये फसलेला मी एकटा नाही. गेल्या दिवाळीच्या आधी गंगापूर रोडच्या प्रदर्शनात काळ्या खोक्यातलं, मागे थेंबाचं चित्र असलेलं घड्याळ तुम्ही घेतलं असेल, तर घरातल्या पेशंटच्या हातातून ते आधी काढा. चिठ्ठी, खोकं आणि पैसे पाठवल्याची पावती टाकू नका, आणि पोर्टलवर स्वतःची तक्रार नोंदवा. एकाच नावाच्या खात्याविरुद्ध जितक्या तक्रारी जमतील तितकं त्या माणसापर्यंत पोचणं सोपं जाईल, असं मला पोलीस ठाण्यात सांगितलं आहे. मी पुढच्या सोमवारी पुन्हा जातो आहे.